हुंदके जमा, स्टेडियम नावे

माणूस पन्नाशीकडे झुकू लागला की त्याच्या घशात दोन गोष्टी अडकू लागतात. एक कोरडी भाकरी आणि दुसरा हुंदका. भाकरीवर पाणी पिता येतं. हुंदक्यावर अजून औषध निघालेलं नाही आणि हल्ली तर त्याची साथच आली आहे. जुना वाडा पडला, हुंदका. इराण्याचं हॉटेल बंद झालं, हुंदका. एकपडदा थिएटर पाडून तिथे मॉल आला, दोन हुंदके, कारण तिथे मॅटिनीला आपण एकटे गेलेलो नसतो. या सगळ्यांत सध्या जोरात चाललेला हुंदका म्हणजे जुन्या स्टेडियमचा. सकाळी सहाला मोबाइल किणकिणतो आणि कुणीतरी पिवळट फोटो पाठवलेला असतो. खाली मजकूर, 'गेले ते दिवस!' त्याखाली चौदा हात जोडलेले आणि सहा चेहरे रडणारे.

मंडळी, माझा या हुंदक्याला विरोध आहे. मी दगडाच्या काळजाचा आहे म्हणून नव्हे, मी बँकेत कारकून आहे म्हणून. (हल्ली आम्हाला 'असोसिएट' म्हणतात. काउंटर तेच, रांग तीच, पासबुक छापायचं यंत्रही तसंच बिघडलेलं. फक्त शिव्या आता असोसिएटला मिळतात.) त्यातून मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कुणाचं काही गेलं असं कानावर आलं की आम्हाला रडू येत नाही, प्रश्न पडतो, 'गेलं ते कुठे जमा झालं?' कारण बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आमच्या डोक्यात जे एकच तत्त्व कायमचं बसलं, ते म्हणजे दुहेरी नोंद. जिथे नावे, तिथे जमा. जगात नुसतं काही जात नाही. एकाच्या खात्यातून निघतं आणि दुसऱ्याच्या खात्यात बसतं. हुंदका ही एकेरी नोंद आहे, आणि एकेरी नोंदीच्या वह्या कोण ठेवतो? ज्याला हिशेब द्यायचा नसतो तो!

आधी आठवणींचं लेखापरीक्षण करू. हुंदकेवाले सांगतात तशी जुनी स्टेडियमं स्वर्गीय वगैरे नव्हती. आमचं पुण्याचं नेहरू स्टेडियम स्वारगेटला आहे, एवढाच त्याचा स्वर्गाशी संबंध. आमच्या वाट्याला ज्या जागा येत, तिथे सिमेंटच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र पसरून बसायचं. सकाळी ती पायरी बर्फाची लादी असे आणि दुपारी तवा. संध्याकाळी उठलं की अग्रलेख पँटवर उमटलेला असे, आणि तो उलटा असल्यामुळे मागच्या माणसालाही वाचता येत नसे. स्वच्छतागृह कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नसे, वाराच सांगे. पुढच्या पायरीवर हमखास एक सहा फुटी गृहस्थ असत, आणि ते नेमके गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटताना उभे राहत. हे सगळं हुंदकेवाले विसरतात. विसरू देत. पण त्या पायरीसाठी गळा काढू नका, ती पायरी रडण्याच्या लायकीची नव्हती.

मग गेलं ते काय? त्यासाठी एक तारीख सांगतो. २९ फेब्रुवारी १९९६. विश्वचषकाचा एक सामना पुण्याच्या वाट्याला आला होता, वेस्ट इंडिज विरुद्ध केनिया. म्हणजे जेवणाच्या पानात पक्वान्न म्हणून वाढलेलं मीठ. एकीकडे दोनदा विश्वचषक जिंकलेला संघ आणि दुसरीकडे पहिल्यांदाच विश्वचषक खेळणारी केनियाची हौशी मंडळी. माझी दहावीची परीक्षा तोंडावर होती आणि आईने घरात संचारबंदी जाहीर केली होती. बाबांनी तिला एकच मुद्दा सांगितला, "अगं, भूमिती रोजच असते. एकोणतीस फेब्रुवारी चार वर्षांतून एकदा येते." या युक्तिवादात काय खोट आहे हे आईला कळायच्या आत आम्ही टिळक रस्त्याला लागलो होतो. चालत. तिकिटाची किंमत बाबांनी आईला खरी सांगितली होती, यावरून ती परवडणारी असणार हे ओघानेच आलं.

केनियाचा डाव १६६ धावांत आटोपला. त्यात सर्वांत जास्त धावा कुणी केल्या? 'अवांतर' या फलंदाजाने, ३७. त्याच्या खालोखाल स्टीव्ह टिकोलोच्या २९. आमच्या शेजारचे आजोबा म्हणाले, "बाळ, चहाच्या आत घरी जाऊ आपण." मग वेस्ट इंडिजवाले आले आणि एकेक करून परत गेले. लारा ८ धावांवर रजब अलीच्या चेंडूवर यष्टिरक्षक तारिक इक्बालच्या हाती सापडला, तेव्हा आमच्या पायरीवरच्या निम्म्या लोकांना आनंद करावा की सुतक पाळावं हे कळेना. मॉरिस ओडुंबेने १५ धावांत ३ बळी घेतले. सगळा संघ ९३ धावांत गारद, केनिया ७३ धावांनी विजयी. केनियाचे खेळाडू मैदानाला फेरी मारू लागले, तेव्हा त्यांच्यापैकी एकाचंही नाव धड उच्चारता न येणारे पुणेकर उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि पुणेकर उभं राहून टाळ्या वाजवतो, ही घटनासुद्धा चार वर्षांतून एकदाच घडते.

आता मुद्द्याचं बोलू. तो सामना आम्ही का पाहिला? केनियावर आमचं प्रेम होतं म्हणून? मुळीच नाही. मैदान वाटेवर होतं म्हणून. सारसबागेला जाऊन गणपतीला नमस्कार करावा, भेळ खावी, तसंच शेजारच्या मैदानात शिरावं, इतकं ते सहज होतं. हा 'सहज' शब्द फार महत्त्वाचा आहे. जुन्या स्टेडियममधून जे गेलं ते हे 'सहज' गेलं. दुपारच्या सुट्टीत ठरवून, साहेबांना दाढदुखीचं कारण सांगून, खिशात शेंगदाणे टाकून खेळ बघायला जाण्याची मुभा गेली. नावेच्या बाजूला आपण ही रक्कम लिहू.

आता जमेची बाजू. इथे जरा इतिहासाच्या खतावणीची पानं उलटावी लागतील, आणि ती फार मनोरंजक आहेत.

मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ साली सुरू झालं. तिथेच १९४३ साली पंचरंगी सामन्यांच्या अंतिम लढतीत विजय हजारे यांनी आपल्या संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. (म्हणजे एका खात्यात सगळी शिल्लक आणि बाकीच्या दहा खात्यांत मिळून किरकोळ रक्कम. आमच्या शाखेची परिस्थिती अगदी अशीच आहे.) १९४८ पासून तिथे कसोटी सामने होत आले, आणि १९७३ नंतर बंद पडले. का? स्टेडियम पडायला आलं होतं? छे. खेळपट्टी बिघडली होती? तेही नाही. मैदानाची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची आणि सामने भरवणार मुंबईची क्रिकेट संघटना. कुणाच्या वाट्याला किती तिकिटं, यावरून दोघांचं बिनसलं. भावाभावांचं पटेना झालं की एकाच वाड्यात दोन चुली होतात, इथे हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियमच झालं! १९७५ च्या जानेवारीत क्लाइव्ह लॉइडने नव्या कोऱ्या वानखेडेवर नाबाद २४२ धावा काढून वास्तुशांत केली. ब्रेबॉर्नवर पुढची कसोटी व्हायला २००९ साल उजाडलं. सेहवागने त्या सामन्यात २९३ धावा केल्या, जणू तुंबलेलं व्याज एकदम फेडलं.

पुण्याची गोष्ट हीच, फक्त पात्रं वेगळी. मैदान महापालिकेचं, सामने संघटनेचे, आणि भांडण पुन्हा तिकिटवाटपाचंच. नेहरू स्टेडियमवर १९८४ साली वेंगसरकर आणि गॅटिंग या दोघांनी एकाच सामन्यात शतकं ठोकली होती. त्याच मैदानावर २००५ नंतर आंतरराष्ट्रीय सामना नाही. २०१२ साली नवं स्टेडियम झालं ते शहर ओलांडून, द्रुतगती मार्गालगत, गहुंज्याला. नागपूरकरांचं सिव्हिल लाइन्समधलं मैदान घ्या. १९८७ च्या विश्वचषकात गावसकरने आयुष्यातलं एकमेव एकदिवसीय शतक तिथे केलं, आणि चेतन शर्माने त्रिक्रम केला तोही त्याच सामन्यात. २००८ मध्ये मोठं क्रिकेट तिथून उठलं आणि वर्धा रस्त्याने जामठ्याला जाऊन बसलं. हैदराबादच्या लालबहादूर स्टेडियममध्ये १९९९ साली सचिन आणि द्रविडने ३३१ धावांची भागी केली. आज तिथेही शुकशुकाट, कारण क्रिकेट उप्पलला गेलं. सासू-सुनेचं पटलं नाही की मुलगा गावाबाहेर फ्लॅट घेतो, तसं आमचं क्रिकेट एकेक करून गावाबाहेर राहायला गेलं.

आता गंमत बघा. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे भांडण तिकिटांचं. पण भांडणारे कोण? ज्यांनी जन्मात कधी तिकिटाच्या खिडकीशी उभं राहून पुढच्या माणसाच्या पाठीचा घाम हुंगला नाही असे. एका बाजूला पासवाले आणि दुसऱ्या बाजूलाही पासवालेच. तिकीट विकत घेणारा माणूस या खटल्यात वादीही नव्हता, प्रतिवादीही नव्हता. तो फक्त मुद्देमाल होता.

वानखेडेची कथा तर पुढे आणखी रंगते. तिकिटांच्या वादातून जन्मलेलं हे स्टेडियम २०११ च्या विश्वचषकासाठी बरंचसं पाडून नव्याने बांधलं. आसनांची संख्या वाढली असेल, असा तुमचा समज होईल. ती घटली! सुमारे ३३ हजारांवर आली. खुर्च्यांना पाठी आल्या, डोक्यावर छप्पर आलं, उत्तम झालं. आणि अंतिम सामन्याच्या वेळी सामान्य जनतेला विकायला तिकिटं किती ठेवली? चार हजार. तेहतीस हजारांतली चार हजार! बाकीची सदस्य क्लब, आयोजक, प्रायोजक आणि ज्यांना 'मान्यवर' हे एकच आडनाव असतं, अशांच्या खात्यात. घ्या, आपली जमेची बाजू सापडली. तुमच्या-माझ्या खात्यातून निघालेलं 'सहज' तिकडे जमा झालेलं आहे. खतावणी जुळली. तेरीज पैशालाही चुकलेली नाही.

आता काही सुज्ञ वाचक चष्मा पुसत विचारतील, "अहो, पण जुनी स्टेडियमं धोकादायक झाली होती, तिथे माणसं चिरडायची का?" मुळीच नाही. जुनं पाडून नवं बांधायला माझा विरोध असता, तर मी वरती पायरीचं आणि स्वच्छतागृहाचं असं यथार्थ वर्णन केलं नसतं. पाडा, अवश्य पाडा. पण सिमेंटच्या पायरीऐवजी पाठ असलेली खुर्ची आली की तिच्यावर बसणारा माणूसही बदललाच पाहिजे, हे कुठल्या अभियांत्रिकीच्या पुस्तकात लिहिलं आहे?

दुसरे म्हणतात, "शहरात पार्किंगला जागा कुठे आहे?" हा मुद्दा मला फार आवडतो. स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर होतं तेव्हा लोक चालत येत किंवा पीएमटीच्या बसला लोंबकळून येत. ते गावाबाहेर नेलं म्हणून सगळ्यांना गाडी काढावी लागली, आणि आता म्हणे बघा, गाड्या किती येतात, गावात असतं तर कसं झालं असतं! एखाद्याचा पाय मोडायचा, त्याला कुबडी द्यायची, आणि कुबडी ठेवायला घरात जागा नाही म्हणून त्यालाच घराबाहेर काढायचं, त्यातलाच प्रकार.

बरं, गहुंज्याचं स्टेडियम देखणं आहे हे मला मान्य आहे. चित्रासारखं दिसतं. पण चित्र भिंतीवर टांगायचं असतं, कामावरून सुटून तिथे पोचायचं नसतं. समजा, तुम्ही जायचं ठरवलंत. एक दिवसाची रजा हवी. वाहन हवं, वाहनात पेट्रोल हवं, रस्त्यातल्या कोंडीत वाचायला जाडशी कादंबरी हवी, आणि परतताना रात्रीचे साडेबारा झाले की बायकोला पटेल असं कारणही हवं. एवढ्या तयारीत माणूस अष्टविनायक करून येईल. आणि पोचल्यावर काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत पहिल्याच दिवशी तिथे प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळेना. संघटनेला माफी मागावी लागली. प्रेक्षक तहानलेले राहिले खरे, पण आपल्या संघाला मात्र न्यूझीलंडने तिसऱ्याच दिवशी ११३ धावांनी यथास्थित पाणी पाजलं.

तिसरा वर्ग म्हणतो, "मैदानात जायचंच कशाला? घरी टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं." दिसतं ना. लग्नही व्हिडिओवर जास्त चांगलं दिसतं, मुंडावळ्यांचा एकेक मणी दिसतो. म्हणून कुणी आपल्या बहिणीच्या लग्नाला जायचं सोडत नाही. टीव्हीवर चेंडू दिसतो. शेजारचे आजोबा दिसत नाहीत. माझ्या मुलाला जगातल्या प्रत्येक फलंदाजाची सरासरी तोंडपाठ आहे, पण अनोळखी माणसाच्या डब्यातली चटणी-पोळी खात, न आवडणाऱ्या संघासाठी टाळ्या वाजवायची वेळ त्याच्यावर आलेली नाही. हे शिक्षण कुठल्याही क्लासात मिळत नाही. ते त्या तव्यासारख्या पायरीवरच मिळत होतं, आणि तेही भूमिती बुडवून.

आता पुन्हा हुंदकेवाल्यांकडे वळतो, कारण माझा खरा राग त्यांच्यावर आहे. पाडणारे निदान उघडपणे पाडतात. हुंदकेवाले त्या ढिगाऱ्यावर फुलं वाहून प्रकरण मिटवतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एबेट्स फील्ड नावाचं बेसबॉलचं लाडकं मैदान होतं. संघ लॉस एंजलिसला निघून गेला आणि १९६० साली मैदान पाडलं. पाडण्यासाठी जो लोखंडी गोळा आणला, तो बेसबॉलच्या चेंडूसारखा रंगवला होता! याला म्हणतात हुंदका. मग तिथे राहण्याच्या इमारती उभ्या राहिल्या आणि भिंतीवर पाटी लागली की इथे चेंडू खेळू नये. ही पाटी वाचून मला अमेरिका एकदम आपली वाटली. आमच्या सोसायटीत नेमकी तीच पाटी आहे, आणि ती लावायचा ठराव मांडणारे गृहस्थच रोज सकाळी सहाला जुन्या स्टेडियमचे फोटो पाठवतात.

सत्ताधाऱ्यांना, संघटनांना, बिल्डरांना हुंदका फार सोयीचा पडतो. हुंदका देणाऱ्याला रुमाल दिला की भागतं. एक संगमरवरी पाटी बसवायची, जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं, एका जाडजूड स्मरणिकेचं प्रकाशन करायचं, माजी खेळाडूंना शाल आणि श्रीफळ. ते प्रकाशनसुद्धा निमंत्रितांसाठीच. हिशेब मागणाऱ्याला मात्र रुमाल देऊन भागत नाही. त्याला खुर्ची द्यावी लागते.

म्हणून आपण खुर्ची मागू या. माझ्या मागण्या फार नाहीत. पहिली, जुन्या स्टेडियमवर जाहीर हुंदका देणाऱ्याने आधी आपण तिथे कुठे बसत होतो ते सांगावं. पॅव्हेलियनमध्ये पासावर बसत असेल, तर त्याचा हुंदका धरू नये. दुसरी, यापुढे जिथे जिथे नवं स्टेडियम होईल, तिथे निम्म्या खुर्च्या खिडकीवर, रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला, बायकोला खरी सांगता येईल अशा किमतीत मिळाव्यात. आणि त्या खुर्च्यांची संख्या दारावर ठळक लिहावी, आमच्या बँकेत व्याजाचे दर लिहितात तशी. तिसरी, गावातली जी मैदानं अजून उभी आहेत, तिथे निदान शाळा-कॉलेजांचे, क्लबांचे, रणजीचे सामने असतील तेव्हा फाटक सताड उघडं ठेवावं. शेंगदाणेवाल्यालाही आत सोडावं. बाकी सोयी आम्ही आमच्या बघून घेऊ, वर्तमानपत्र घरून आणू.

हे मिळेल का, असं तुम्ही विचाराल. आमच्या बँकेत एक प्रकार असतो. खात्यात दोन वर्षं काही व्यवहार झाला नाही की ते खातं निष्क्रिय ठरतं. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. पुष्कळांना वाटतं, संपलं, बुडाले पैसे. तसं नसतं. खातेदाराचा हक्क तेव्हाही शाबूत असतो. तो आला, ओळख पटवली, अर्ज भरला, की पैसे परत द्यावेच लागतात. गावातली ती ओस पडलेली स्टेडियमं म्हणजे आपली निष्क्रिय खाती आहेत. फक्त खातेदार काउंटरशी येऊन जुनं पासबुक छातीशी धरतात, डोळे पुसतात आणि तसेच घरी जातात.

तेव्हा मंडळी, अर्ज करा. रडण्याचा फॉर्म आमच्याकडे मिळत नाही.